एकच सूत्र, तरी ज्वाला वेगळी: ब्युटेनॉलच्या चार समघटकांचं प्रकरण

पुण्यात डिसेंबरच्या एखाद्या गार सकाळी प्रयोगशाळेचं कपाट उघडून ब्युटेनॉलच्या चार बाटल्या टेबलावर मांडा आणि एकेक तिरपी करून बघा. तीन बाटल्यांत पाण्यासारखा द्रव हलतो. चौथीतलं मात्र ढिम्म हलत नाही. ते टर्ट-ब्युटेनॉल. पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली ते गोठतं, त्यामुळे वापरायच्या आधी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात थोडा वेळ बसवून ठेवावी लागते. पाण्याचा अंश शिरला तर ते इतक्या सहज गोठत नाही, म्हणून गोठलेली बाटली पाहून काम करणारा वैतागत नाही, उलट माल शुद्ध असल्याची खात्री पटते. झाकण उघडलं की वास थेट कापराच्या वळणाचा.

आता लेबलं वाचा. चारही बाटल्यांवर रेणूसूत्र एकच: चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. रेणूभारही एकच, ७४. सूत्र एक पण अणूंची जोडणी वेगळी, अशा रेणूंना समघटक म्हणतात. एक ११८ अंशांना उकळतं, दुसरं १०८ ला, तिसरं ९९ च्या आसपास, आणि ते गोठणारं चौथं ८२ लाच. उकळणं-गोठणं हे रेणू एकमेकांना कसे चिकटतात यावर ठरतं, तेव्हा तिथे फरक पडणार हे पटतं. पण ज्वालेत तर रेणूच्या चिंधड्या उडतात. चिंधड्या उडाल्यावर तेच चार कार्बन, तेच दहा हायड्रोजन. मग चौघांची ज्वाला सारख्याच वेगानं धावायला हवी. तशी ती धावत नाही, आणि का धावत नाही याचा छडा लावण्याचं काम २००८ ते २०१३ या काळात अमेरिका आणि चीनमधल्या काही प्रयोगशाळांनी केलं. जैवइंधनाची रेणूरचना आणि ज्वलनाचा वेग यांचं नातं समजून घ्यायला इतकं स्वच्छ दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

ब्युटेनॉल मुळात आलं कुठून

किण्वनातून ब्युटेनॉल काढणं शंभर वर्षांहून जुनं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट, म्हणजे तोफा-बंदुकांची बिनधुराची दारू, बनवायला ॲसिटोन हवं होतं, आणि खाइम वाइझमन यांनी एका जिवाणूकडून पिष्टमय पदार्थ आंबवून ते काढून दाखवलं. पुढे हेच वाइझमन इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या प्रक्रियेत ॲसिटोनच्या जवळपास दुप्पट ब्युटेनॉल निघायचं, आणि युद्धाच्या घाईत ते नकोसं वाटायचं.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच नकोसं इंधन म्हणून हवंहवंसं झालं. इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढा भाग आधीच 'जळलेला'. ब्युटेनॉलमध्ये हे प्रमाण २१.६ टक्के. साहजिकच लिटरमागे ऊर्जा जास्त. शिवाय ब्युटेनॉल पाणी फारसं ओढत नाही. २००६ मध्ये बीपी आणि ड्यूपाँ या कंपन्यांनी जैव-ब्युटेनॉलची घोषणा केली. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स लियाओ यांच्या गटानं ई. कोलाय जिवाणूचा चयापचय वळवून त्याच्याकडून आयसोब्युटेनॉल काढून घेतलं. पुढे २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड ज्या गेव्हो कंपनीच्या संस्थापकांपैकी आहेत, ती कंपनी यीस्टकडून तेच करवून घेत होती.

आणि इथेच प्रश्न उभा राहिला. वाइझमन यांचा जिवाणू देतो ते एन-ब्युटेनॉल, सरळ साखळीचं. गेव्होचं यीस्ट देतं ते आयसोब्युटेनॉल, फांदी फुटलेलं. जनुकं बदलून आपल्याला हवा तो समघटक बनवता येत असेल, तर हवा कोणता? इंजिनात जाऊन तो कसा जळेल हे कळल्याशिवाय याचं उत्तर कसं देणार?

आयता मिळालेला चौकोन

या प्रकरणाचं सौंदर्य चौघांच्या मांडणीत आहे. रेणूत दोनच गोष्टी बदलतात. कार्बनची साखळी सरळ आहे की फांदीची, ही एक. हायड्रॉक्सिलचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट साखळीच्या टोकाला लटकलाय की मधल्या कार्बनवर बसलाय, ही दुसरी.

एन-ब्युटेनॉल: सरळ साखळी, गट टोकाला. सेक-ब्युटेनॉल: सरळच साखळी, पण गट आतल्या कार्बनवर. आयसो-ब्युटेनॉल: फांदी आहे, गट टोकाला. टर्ट-ब्युटेनॉल: फांदीही आणि गटही आत, मधल्या एका कार्बनभोवती तीन मिथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन असा गट) आणि एक हायड्रॉक्सिल अशी गच्च मोळी.

शेतकी विद्यापीठात खताचे प्रयोग करतात तसा हा दोन बाय दोनचा चौकोन आहे. नत्र दिलं, नाही दिलं. पाणी दिलं, नाही दिलं. बाकी सगळं सारखं. रसायनशास्त्रात असा चौकोन सहजासहजी हाताला लागत नाही, कारण एक गोष्ट बदलायला गेलं की वजन बदलतं, हवेचं प्रमाण बदलतं, उष्णता बदलते. इथे चौघांनाही पूर्ण जळायला रेणूमागे ऑक्सिजनचे सहाच रेणू लागतात. हवेच्या हिशेबात सांगायचं तर ब्युटेनॉलच्या एका रेणूला हवेचे साडेअठ्ठावीस रेणू. चौघांनाही तितकेच.

वेग मोजायचा म्हणजे काय

ज्वालावेग म्हणजे काय ते घरच्या शेगडीवर दिसतं. बर्नरच्या भोकातून गॅस-हवेचं मिश्रण वर येत असतं आणि ज्वाला त्या मिश्रणात खाली घुसू पाहत असते. दोघांचं जमलं की निळी ज्वाला भोकावर शांत बसते. मिश्रण फार जोरात आलं तर ज्वाला उचलली जाते, फार हळू आलं तर ती आत शिरते आणि 'फट्' असा आवाज होतो. शांत, न ढवळलेल्या मिश्रणात ज्वालेची कड ज्या वेगानं ताज्या मिश्रणात शिरते तो स्तरीय ज्वालावेग. खोलीच्या तापमानाला मिथेनसाठी तो सेकंदाला साधारण ३७ सेंटिमीटर भरतो. हायड्रोजनसाठी जवळपास ३ मीटर.

ब्युटेनॉलची पहिली अडचण म्हणजे ते हवेत पुरेसं उडतच नाही. अचूक प्रमाणातलं मिश्रण वातावरणाच्या दाबाला बनवायचं तर ब्युटेनॉलच्या वाफेचा दाब सुमारे ३.४ किलोपास्कल हवा. वीस अंशांना एन-ब्युटेनॉलची वाफ एक किलोपास्कलही भरत नाही. उरलेलं भांड्याच्या भिंतींवर दव बनून बसेल आणि मोजमापाचा विचका होईल. म्हणून सगळं भांडं, नळ्या, झडपा तापवून ठेवाव्या लागतात. ऐंशी अंशांना वाफेचा दाब वीस किलोपास्कलच्या पुढे जातो, आणि मग पाचपट दाबाचं मिश्रणसुद्धा बनवता येतं.

प्रिन्स्टन विद्यापीठात चुंग लॉ यांच्या गटाची पद्धत बघण्यासारखी आहे. भांड्यात भांडं. आतल्यात इंधन आणि हवा, बाहेरच्यात निष्क्रिय वायू, दोन्हीकडे दाब सारखा. मधल्या भिंतीची भोकं क्षणभर उघडायची आणि त्याच क्षणी आत ठिणगी पाडायची. ज्वालेचा गोळा फुगत जातो, दाब वाढला की बाहेर पसरतो, आणि भिंतीपाशी पोचल्यावर निष्क्रिय वायूत आपोआप विझतो. काचेच्या खिडकीतून वेगवान कॅमेरा चित्रं घेत असतो. जळालेला वायू फुगून आकारानं सहा-सात पट होत असल्यामुळे गोळ्याची कड प्रत्यक्षात सेकंदाला तीनेक मीटरनं पळताना दिसते. एक सेंटिमीटर त्रिज्येपासून दोन सेंटिमीटरपर्यंत जायला तिला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात. आपली पापणी लवते तेवढ्यात असे पन्नासेक गोळे फुगून विझतील.

चित्रांवरून वेग काढणं मात्र वाटतं तितकं सरळ नाही. गोळा लहान असतो तेव्हा ज्वाला वाकलेली आणि ताणलेली असते, लाटताना कडेला ताणल्या जाणाऱ्या पोळीसारखी. ताण वेग बदलतो. म्हणून निरनिराळ्या त्रिज्यांवरचे वेग घेऊन 'ताण शून्य असता तर' असा आकडा मागे जाऊन काढावा लागतो. तो कोणत्या सूत्रानं काढायचा यावर या क्षेत्रात भरपूर वाद झाले आहेत, आणि एक-दोन सेंटिमीटरचा फरक त्यातच पडू शकतो. लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एगोल्फोपोलस यांच्या गटानं वेगळाच मार्ग घेतला: दोन तोट्या समोरासमोर धरायच्या, दोन्हींतून मिश्रण सोडायचं आणि मध्ये जुळी सपाट ज्वाला उभी करायची. चीनमध्ये शियान जिआओतोंग विद्यापीठानं बंद भांड्यातला फुगता गोळाच वापरला.

पद्धती वेगळ्या, देश वेगळे, तापमानं वेगळी. क्रम मात्र सगळीकडे तोच निघाला. एन-ब्युटेनॉल सर्वांत वेगवान. त्यामागे सेक आणि आयसो, एकमेकांच्या अगदी खांद्याला खांदा लावून. शेवटी टर्ट, बऱ्याच अंतरानं. पहिल्या आणि शेवटच्यातला फरक ढोबळ मानानं दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान. प्रिन्स्टनमध्ये दाब पाचपट केला तरी क्रम हलला नाही.

मला विचाराल तर सेक आणि आयसो यांच्यात कोण पुढे यावर शाई खर्च करू नये. तो फरक मोजमापाच्या धुक्यात हरवतो. टर्टचं मागे पडणं मात्र धुकं नाही. फांदी एकटी आली तर वेग थोडा उतरतो, गट आत सरकला तरी थोडाच उतरतो, दोन्ही एकत्र आले की घसरण डोळ्यांत भरते.

संशयितांची झडती

वेग का उतरतो? वर्गात विचारलं की पहिला हात वर होतो तो 'उष्णता'वाल्याचा. बरोबरच आहे, ज्वाला जितकी तापते तितकी धावते. टर्ट-ब्युटेनॉल चौघांत सर्वांत स्थिर, म्हणून जळताना थोडी कमी उष्णता देतं हेही खरं. पण हिशेब करा. एन आणि टर्ट यांच्या निर्मिती-ऊर्जेतला फरक मोलमागे ३८ किलोज्यूलच्या आसपास. जळताना सुटणारी उष्णता मोलमागे २,४०० किलोज्यूलच्या वर. दीड टक्का. ज्वालेच्या तापमानात यानं वीस-तीस अंशांचा फरक पडेल, तोही दोन हजार अंशांच्या घरात. यातून वेगातली थोडी घट समजते, सगळी नाही. सेक आणि आयसोमध्ये तर फरक आणखी कमी.

दुसरा हात 'विसरण'वाल्याचा: जड रेणू हळू पसरतो. पण इथे वजन सारखंच आहे. हवेचं प्रमाण? तेही सारखं. उरलं एकच, रासायनिक क्रियांचा वेग.

आता तिसरा हात वर होतो, आणि हे उत्तर मला सर्वांत आवडतं कारण ते हुशारीचं असूनही चुकीचं आहे: 'टर्ट-ब्युटेनॉलचा रेणू मोडायला कठीण असणार.' खरं तर टर्ट-ब्युटेनॉल तापवलं की त्यातून पाणी सहज निसटतं. मधल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल, भोवती तीन मिथिल म्हणजे नऊ हायड्रोजन. त्यातला कोणताही एक त्या हायड्रॉक्सिलबरोबर पाणी बनून निघून जाऊ शकतो. रेणू मोडतो. मोडूनही त्याची ज्वाला सर्वांत हळू. म्हणजे भानगड मोडण्यात नसून मोडल्यावर जे उरतं त्यात आहे.

हायड्रोजन अणूंचा जमाखर्च

ज्वालेचा प्राण एका क्रियेत आहे. एकटा हायड्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो आणि एका चळवळ्या कणाच्या जागी दोन तयार होतात, एक ऑक्सिजनचा अणू आणि एक हायड्रॉक्सिल. भांडवल दुप्पट. शिवाय हायड्रोजन अणू सगळ्यांत हलका, त्यामुळे तो ज्वालेतून पुढे, ताज्या मिश्रणात सर्वांत आधी झिरपतो. जी ज्वाला हायड्रोजन अणू राखते ती धावते, ज्या ज्वालेत ते गिळले जातात ती रेंगाळते. म्हणून रेणू तुटताना पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तू हायड्रोजन अणू देणार की खाणार?

एन-ब्युटेनॉल घ्या. ज्वालेतला एखादा मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला चळवळा कण, येऊन त्याचा एक हायड्रोजन पळवतो. सर्वांत सैल हायड्रोजन असतो तो हायड्रॉक्सिलच्या लगतच्या कार्बनवरचा. तो तोडायला मोलमागे चारशेच्या आसपास किलोज्यूल पुरतात, तर खुद्द हायड्रॉक्सिलमधला तोडायला ४४० च्या आसपास. उरलेला मूलक तुटतो तो एका ठरलेल्या नियमानं: जिथे हायड्रोजन गेला तिथला लगतचा बंध शाबूत राहतो, एक सोडून पुढचा तुटतो. त्या नियमानं इथे एक इथाइल मूलक सुटतो आणि एक व्हिनाइल अल्कोहोल. इथाइल ज्वालेच्या तापमानाला क्षणभरही टिकत नाही, त्याचं इथिलीन होतं आणि एक हायड्रोजन अणू मोकळा होतो. जमा, एक.

हायड्रोजन तिसऱ्या कार्बनवरचा गेला असता तर? मग प्रोपीन आणि हायड्रॉक्सिमिथिल. हायड्रॉक्सिमिथिलचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि पुन्हा एक हायड्रोजन अणू. जमा, एक. शेपटाच्या टोकाचा गेला तर आधी इथिलीन, मग उरलेल्या तुकड्यातून आणखी एक इथिलीन आणि एक हायड्रॉक्सिल. तेही जमेतच. आणि इथिलीन स्वतः जलद जळणारं. खोलीच्या तापमानाला त्याची ज्वाला मिथेनच्या दीडपटीहून जास्त वेगानं धावते. सरळ साखळी म्हणजे कुठूनही तोडा, हातात चिल्लर पडते आणि ती लगेच चालते.

आता टर्ट-ब्युटेनॉल. नऊच्या नऊ हायड्रोजन एकसारखे, तीन मिथिलवर वाटलेले. एक पळवला की एक सोडून पुढचे बंध दोनच प्रकारचे: कार्बन-ऑक्सिजनचा तुटला तर आयसोब्युटीन आणि हायड्रॉक्सिल, कार्बन-कार्बनचा तुटला तर मिथिल मूलक आणि ॲसिटोनचंच एक रूप. पाणी निसटण्याच्या वाटेनं गेलं तरी शेवटी आयसोब्युटीनच. हायड्रॉक्सिल सुटतं ते जमेचंच आहे, नाकारायचं कारण नाही. पण हायड्रोजन अणू थेट देणारा तुकडा या यादीत एकही नाही. आणि जे दोन तुकडे भरभरून पडतात, आयसोब्युटीन आणि मिथिल, ते दोघेही खाणारे.

आयसोब्युटीन कसं खातं ते जवळून बघण्यासारखं आहे. एक हायड्रोजन अणू येतो, आयसोब्युटीनचा एक हायड्रोजन घेतो आणि दोघे मिळून हायड्रोजनचा शांत रेणू बनून निघून जातात. मागे उरतो दोन-मिथिलअलाइल नावाचा मूलक. याचा एकटा इलेक्ट्रॉन रेणूच्या दोन टोकांमध्ये वाटला गेलेला असतो, त्यामुळे तो सुस्त. ऑक्सिजन समोर असूनही त्याच्याशी धड लागत नाही. तो थांबतो. थांबता थांबता दुसरा हायड्रोजन अणू येतो आणि त्याला चिकटतो. झालं, पुन्हा आयसोब्युटीन! गाडी निघाली तिथेच परत आली, आणि वाटेत दोन चळवळे हायड्रोजन अणू एका थंड रेणूत बांधले गेले. फेरी पुन्हा सुरू. मिथिलचं तेच: एक हायड्रोजन अणू गिळून मिथेन होतो, दुसरा येऊन मिथेनचा हायड्रोजन नेतो, मिथिल पुन्हा तयार, आणि हिशेबात दोन अणू गेले.

मधले दोघे मधले का, हे आता वेगळं सांगायला नको. आयसो-ब्युटेनॉलच्या फांदीवरचा हायड्रोजन गेला की आयसोब्युटीन पडतं, पण त्याच्या टोकाच्या मिथिलवरचा गेला तर प्रोपीन आणि तोच देणारा हायड्रॉक्सिमिथिल. सेकच्या तुकड्यांत ब्युटीनचे प्रकार, इथाइल, मिथिल अशी सरमिसळ. थोडं देणं, थोडं खाणं.

२०१२ मध्ये मणी सारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारही ब्युटेनॉलसाठी मिळून एक क्रियाजाल, म्हणजे ज्वलनातल्या सगळ्या क्रियांचं संगणकी प्रारूप, मांडलं. त्यात चारशेहून अधिक रासायनिक घटक आणि दोन हजारांवर क्रिया आहेत. अशा क्रियाजालात एकेका क्रियेचा दर थोडा वरखाली करून ज्वालावेग किती हलतो ते तपासता येतं. मूळ इंधनाच्या क्रियांना हात लावला तर वेग जेमतेम हलतो. हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजनच्या त्या एका क्रियेला हात लावला की तो उसळतो. ज्वाला ब्युटेनॉल जाळतच नाही म्हणा ना. ब्युटेनॉल तिच्या उंबरठ्यावरच मोडतं आणि आत जळतात ते तुकडे.

दुसरीकडे पडताळा

एका प्रकरणावरून नियम ठोकू नये, म्हणून शेजारची घरं पाहू. प्रोपेनॉलचे दोनच समघटक, साखळी दोघांचीही सरळ, फक्त हायड्रॉक्सिल टोकाला की मध्ये एवढाच फरक. दक्षिण कॅलिफोर्नियातच ते मोजले गेले आणि टोकाचं एन-प्रोपेनॉल वेगवान निघालं. ऑक्सिजन पूर्ण काढून टाका, नुसते ब्युटेन घ्या: सरळ ब्युटेन फांदीच्या आयसोब्युटेनच्या पुढे. वनस्पतींतल्या साखरेपासून बनणाऱ्या फ्युरान इंधनांतही २-मिथिलफ्युरान हे २,५-डायमिथिलफ्युरानपेक्षा जलद जळतं. जास्तीचा एक मिथिल तिथेही पाय ओढतो.

आणि मग क्रम उलटला

इथवर वाचून कुणी 'टर्ट म्हणजे आळशी' अशी पाटी लावायला निघाला असेल तर त्यानं हात आवरावा. २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेत आघातनळीत (धक्कालहरीनं वायू क्षणात तापवणाऱ्या नळीत), बाराशे ते अठराशे केल्व्हिनला, चौघांचं आपोआप पेटणं तपासलं होतं. तिथेही क्रम ज्वालावेगासारखाच: एन पुढे, टर्ट मागे. पण २०१३ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात दट्ट्यानं झटक्यात दाबणाऱ्या यंत्रात कमी तापमानाला, म्हणजे साधारण सातशे ते नऊशे केल्व्हिनला, तोच प्रयोग झाला. १५ बार दाबाला क्रम ओळखीचा. ३० बारला टर्ट-ब्युटेनॉल उडी मारून सेक आणि आयसो दोघांच्याही पुढे गेलं, आणि पेट घेण्याआधीच ते थोडी थोडी उष्णता सोडू लागलं.

यात विरोधाभास नाही. त्या तापमानाला तुकडे पडण्याआधी ऑक्सिजन मूलकाला येऊन चिकटतो आणि सगळा खेळ वेगळ्याच वाटेनं जातो. ज्वालेतला जमाखर्च तिथे लागू नाही. मात्र इंजिनात दोन्ही गोष्टी एकाच सिलिंडरमध्ये घडतात: ठिणगीपासून निघालेली ज्वाला धावत असते आणि कोपऱ्यात दाबलं गेलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण आपोआप पेटायच्या बेतात असतं. ते ज्वाला पोचण्याआधी पेटलं की खटखट, म्हणजे नॉकिंग. ज्वाला जलद हवी आणि कोपरा शांत हवा. चौघांपैकी ज्याची ज्वाला सर्वांत जलद, त्या एन-ब्युटेनॉलचा संशोधन ऑक्टेन अंक, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचं माप, शंभरीच्या आत. आयसो-ब्युटेनॉलचा शंभराच्या वर. फांदीनं ज्वालेत घालवलेलं नॉकिंगमध्ये कमावलं.

बाजारानं निवड केली ती आयसोची, आणि ज्वालावेगाच्या तक्त्याकडे फारसं न बघता. ते योग्यच झालं असं माझं मत. पेट्रोलमध्ये दहा-पंधरा टक्के मिसळायचं असेल तर चार-पाच टक्क्यांचा ज्वालावेगाचा फरक मिश्रणात विरून जातो. इंजिनातल्या घुसळणीनं ज्वाला तशीही स्तरीय वेगाच्या कित्येक पट धावत असते. ऑक्टेन आणि वाफेचा दाब मात्र प्रत्येक टाकीत जाणवतो. मग हे सगळं मोजलं कशाला? मोजलेल्या वेगाला न जुळणारं क्रियाजाल घेऊन कुणी नवं इंजिन संगणकावर आखलं, तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवर भरवसा कसा ठेवायचा? ज्वालावेग ही त्या क्रियाजालाची कसोटी आहे, आणि टर्ट-ब्युटेनॉल त्या कसोटीचा सर्वांत अवघड पेपर.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध उसाच्या वाटेनं येतो. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं गेव्होबरोबर उसाचा रस आणि मळी यांपासून आयसोब्युटेनॉल बनवण्यासाठी करार केला तो पेट्रोलमधल्या इथेनॉलची चर्चा आजच्याइतकी घराघरांत पोचली नव्हती तेव्हा. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयत्न जमले नाहीत, आता आयसोब्युटेनॉल तपासून पाहत आहोत. ही चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे. न जमण्याची कारणं ओळखीची आहेत. इथेनॉल डिझेलमध्ये नीट एकजीव राहत नाही, पाण्याचा थेंब लागला की वेगळं होतं, आणि त्याचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ लागते ते, १३ अंश, म्हणजे डिझेलच्या टाकीत ते पेट्रोलसारखं वागतं. आयसोब्युटेनॉलचा २८ च्या आसपास. बरा, पण डिझेलच्या ३५ च्या मर्यादेखालीच.

आणि डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे इंधन फवारलं जातं, तापलेल्या दाबलेल्या हवेत आपोआप पेटतं आणि पुढे हवेत मिसळेल तसं जळत राहतं. म्हणजे प्रिन्स्टनच्या भांड्यातल्या फुगत्या गोळ्यापेक्षा कनेक्टिकटच्या दट्ट्याचं यंत्र या कामाला जवळचं. त्या यंत्रात ३० बारला चौघांत सर्वांत शेवटी पेटणारं कोण होतं? आयसो-ब्युटेनॉल.